बाराव्या दिवशी

तिरुवल्लिकेणीत मी ज्या मॅन्शनमध्ये राहतो तिथून पार्थसारथीचं देऊळ पाच मिनिटांवर आहे. मॅन्शन हे नुसतं नाव. एकट्या पुरुषांसाठी एक कॉट मावेल एवढ्या खोल्या आणि गॅलरीत वाळणाऱ्या लुंग्या. गेल्या महिन्यात अण्णा सोलापूरहून पहिल्यांदाच आले, तेव्हा त्यांना खोलीत ठेवण्यासाठी मॅनेजरला बरंच पटवावं लागलं.

धाकट्या भावाला ट्रकने उडवलं त्याला सहा वर्षं झाली. खटला चालू आहे. अण्णांनी एकही तारीख चुकवलेली नाही. वकील म्हणतात, तुम्ही यायची गरज नाही. तरी ते जातात. खरं सांगायचं तर त्यांनी जावं असं मलाच वाटायचं. माझ्या वाटचा सूड ते तिथे बसून घेताहेत, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी त्यांना देवळात नेलं. इथला कृष्ण आपल्याकडच्या बाळकृष्णासारखा नाही. भरघोस मिशा, हातात शंख. चक्र नाही, कारण युद्धात शस्त्र धरणार नाही असं त्याचं वचन. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर व्रण आहेत. भीष्माच्या बाणांचे, असं सांगतात. अण्णा ते बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेजारी उभे होते ते कोण?"

रुक्मिणी, बलराम, सात्यकी, मुलगा प्रद्युम्न, नातू अनिरुद्ध. नावं सांगतानाच मी अडखळलो. युद्धानंतर मुलांची प्रेतं पाहून गांधारीने शाप दिला होता, की छत्तीसाव्या वर्षी तुझंही कुळ आपापसात असंच मरेल. मौसलपर्वात तो खरा होतो. सुरुवात सात्यकीच करतो. झोपलेल्यांच्या कत्तलीत सामील झालेल्या कृतवर्म्याचं डोकं तो उडवतो, इतक्या वर्षांनी. मग सात्यकी, प्रद्युम्न, अनिरुद्ध, सगळेच पडतात. बलराम देह ठेवतो, रुक्मिणी मागून अग्नीत जाते. म्हणजे त्या गाभाऱ्यात सारथ्याभोवती उभे आहेत ते एका आईच्या शोकाने गाठलेले लोक. इतकी वर्षं मी तिथे जातोय आणि पोंगल खाऊन परत येतोय.

देवळाजवळच सुब्रह्मण्य भारतींचं घर आहे. १९२१ मध्ये ते इथेच, तिरुवल्लिकेणीत वारले. त्यांच्या 'पांचाली शपथम्'चा पहिला भाग १९१२चा. ते काव्य द्रौपदीच्या प्रतिज्ञेवर संपतं. शत्रूचं रक्त लागल्याशिवाय केस बांधणार नाही. पुढचं युद्ध त्यात नाही, रडणंही नाही. मला ते तिथे थांबणं फार आवडायचं.

संध्याकाळी मरीनावर सुंडल खात बसलो. मी अण्णांना 'इलियड'चा शेवट सांगितला. म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली ते अकिलीसचे हात चुंबतो. दोघं रडतात, आपापल्या माणसांसाठी. मग अकिलीस विचारतो, किती दिवस हवेत? प्रायम मोजून सांगतो. नऊ दिवस घरात शोक, दहाव्या दिवशी अंत्यविधी आणि जेवण, अकराव्या दिवशी वर मातीचा ढीग, बाराव्या दिवशी लढायचंच असेल तर लढू.

"दहावं, अकरावं त्यांच्यातही असतं?" अण्णांनी विचारलं. मग जरा वेळाने, "ती येते ना, ड्रायव्हरची आई. दर तारखेला."

मला हे माहीत नव्हतं.

"एकाच बाकावर बसतो. दुसरी जागाच नसते. मागच्या तारखेला तिला चक्कर आली, मी पाणी दिलं."

"तिला कशाला पाणी दिलंत?" माझा आवाज चढला. शेजारचा फुगेवाला वळून बघायला लागला.

"माझ्याकडे बाटली होती," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याशी परतेपर्यंत बोललो नाही. खोलीवर आल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, पुढची तारीख बघितली, परत ठेवला. अठरा. मी विचारलं, सोळाचं तिकीट काढू का?

"वीसचं बघ."

मी फोनवर बघितलं. वीसला वेटिंग दाखवत होतं.