आमसुलाचे भावंड

बायको परदेशी येते, पण तिची जीभ येईलच असे नाही. सिडनीला मुलीकडे येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. हिचे शरीर सिडनीत होते आणि जीभ वेंगुर्ल्याला. मुलगी नोकरीवरून दमून यायची, दोन पदार्थ रांधायची, आणि ही ‘छान झालंय गं’ असे म्हणत दोन घास खाऊन उठायची. रात्री मला हळूच विचारायची, “अहो, तिकीट थोडं अलीकडचं नाही का मिळायचं?” त्या घरातल्या भिंती पुठ्ठ्यासारख्या. पलीकडे मुलीला सारे ऐकू जात असणार हे मला ठाऊक होते. बहुधा हिलाही होते. सकाळी मात्र आम्ही तिघेही मोठ्या आनंदात असल्यासारखे वागत असू.

एका शनिवारी मुलगी म्हणाली, “आज बाहेर जेवू या.” आणि तिने आम्हाला हेमार्केटच्या चिनी वस्तीत, डिक्सन स्ट्रीटच्या अलीकडच्या एका गल्लीत नेले. मला चिनी जेवणाची धास्ती वाटली. पण हॉटेल निघाले मलेशियाचे. मलेशियाची माणसे या देशाला नवी नाहीत. 1951 साली कोलंबो योजना सुरू झाली आणि मलायातली मुले इथे शिकायला येऊ लागली. मुले आली की त्यांची भूकही मागोमाग येणारच.

हॉटेल म्हणजे आपल्याकडच्या खाणावळीसारखाच प्रकार. गुळगुळीत टेबले, कपात खोचलेल्या काड्या, आणि अनोळखी माणसांनी एकाच टेबलाशी बसायचे. कोपऱ्यात एकजण उडप्याच्या थाटात चहाची धार वरून खाली ओढून फेस काढत होता. भिंतीवरच्या यादीत पहिलेच नाव होते ‘मी गोरेंग’. कुणी गोरे नावाचे गृहस्थ स्वतःची ओळख करून देत आहेत असे मला क्षणभर वाटले. ‘मी’ म्हणजे गव्हाच्या शेवया आणि ‘गोरेंग’ म्हणजे परतलेले, असा खुलासा मुलीने केला. आपल्याकडे ‘मी’ बहुतेक वेळा तापलेलाच असतो, त्यामुळे मला तो शब्द लगेच पाठ झाला.

मी आपला नारळाच्या दुधातला लाक्सा मागवला. आईसाठी मुलीने ‘असाम लाक्सा’ सांगितला आणि जरा चाचरतच म्हणाली, “आई, हा पिनांगकडचा. आंबट असतो. नाही आवडला तर टाक.”

हिच्यापुढे वाडगा आला. तांबूस रस्सा, त्यात तांदळाच्या जाड, पांढऱ्या शेवया, वर काकडी, कांदा, अननसाचे तुकडे आणि पुदिना. हिने काड्या बाजूला सारल्या, चमच्याने थोडा रस्सा घेतला आणि डोळे मिटले. मी पाण्याचा पेला पुढे सरकवून ठेवला. मुलगी तर श्वास रोखूनच बसली होती.

“शिरवाळे,” ही म्हणाली. मग आणखी एक चमचा. “जवळ्याचा वास येतोय.” तिसऱ्या चमच्याला कपाळावर आठी. “आणि हे तारले आहेत. पण अशा कालवणाला बांगडा हवा हो!”

मालकीणबाई जवळच उभ्या होत्या. मुलीने हिचे म्हणणे इंग्रजीत सांगताच त्या ओशाळून हसल्या. “आंटी बरोबर बोलतात,” त्या म्हणाल्या. पिनांगला घालतात तो मासा निराळा, इथे डब्यातल्या सार्डिनवर भागवावे लागते. त्यांनी फोनवर त्या माशाचे चित्र काढून दाखवले. तिकडे त्याला ‘केंबुंग’ म्हणतात. ही जवळजवळ ओरडलीच, “अगं, हाच तो! बांगडा!” शेजारच्या टेबलावरचा साहेब दचकून पाहू लागला. जवळ्याचा संशयही खरा ठरला. बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा तिकडे वाटणात घालतात, त्याला ‘बेलाचान’ म्हणतात.

“आणि आंबट कशाचं? नुसती चिंच नव्हे ही,” हिने उलटतपासणी पुढे चालवली.

मालकीणबाई आत गेल्या आणि तपकिरी रंगाची एक वाळलेली चकती घेऊन आल्या. असाम केपिंग. हिने ती हुंगली, टोक दाताखाली धरले, आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, “आमसुलाचं भावंड आहे हो!” मी हसलो; पण घरी येऊन पाहिले तर वनस्पतिशास्त्रज्ञही हेच म्हणतात. आपले कोकम आणि ते फळ, दोन्ही गार्सिनिया या एकाच वंशातली. शास्त्रज्ञांना त्यासाठी फुले-पाने तपासावी लागली, हिला दात पुरला.

वाडगा रिकामा झाला. शेवटचा रस्सा हिने तोंडाला लावून संपवला. घरी मुलीने तसे केले असते तर ओरडली असती. आणि मग नणंदेच्या हातचे कालवण चाखल्यावर जो चेहरा करते, तो करून म्हणाली, “सगळं ठीक. पण चार तिरफळं घालायला हवी होती.”

मुलगी इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. डोळे पुसायला तिला बराच वेळ लागला. तोवर आम्ही दोघे भिंतीवरची यादी वाचत राहिलो.

परतताना गाडीत हिने मला विचारले, “अहो, आपलं तिकीट किती तारखेचं?”

“अठ्ठावीस.”

तिने बोटांवर मोजले. “म्हणजे अजून दोन शनिवार आहेत,” ती म्हणाली, आणि मुलीच्या खांद्यावर डोके टेकून डोळे मिटले.