उरलेले चार लाख

सरळगाव, ता. मुरबाड

चि. बाळू,

फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून लिहायला बसले. समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदल्यातून घर झालं, दारात गाडी आली. आता उरलेले चार लाख मोबाइलवरच्या क्राउडफंडिंगात घालणार आहेस म्हणे. तुझी आई सांगत होती.

मी मोबाइलला घाबरत नाही. शेजारचं धसई 2016 मध्येच राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. माझी अडचण वेगळी आहे.

आमच्या भिशीत बाराजणी आहोत. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. काढायला शेजारची लहान पोर, कारण तिला अजून वाचता येत नाही. मागे एकीचा हप्ता आला नाही. संध्याकाळी आम्ही चौघी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, पैशाचा विषय कुणी काढला नाही. सकाळी पैसे घरपोच! तुझ्या ॲपमधल्या कर्जदाराच्या ओट्यावर तू कसा बसणार?

आणि मुळात तू नक्की काय घेतोयस? मिलाप, केटोवर कुणाच्या आजारपणाला देतात ते दान, ते परत येत नाही. दुसरं म्हणजे कर्ज. 'रंग दे'सारख्यांमार्फत तुझे पैसे कुठल्या शेतकऱ्याला, बचत गटातल्या बाईला जातात, म्हणजे तू सावकार झालास. (आजोबा सावकाराच्या नावानं बोटं मोडत गेले!) असल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचे 2017 पासून नियम आहेत: एका कर्जदाराला तू 50,000 च्या वर देऊ शकत नाहीस, मुदत तीन वर्षांच्या आत. ऑगस्ट 2024 मध्ये बँकेनं आणखी बजावलं की खात्रीच्या परताव्याचं आमिष दाखवायचं नाही, बुडालं तर देणाऱ्याचं बुडालं. आणि तुझा तो दोस्त 'महिन्याला दीड टक्का पक्का' म्हणतोय. पक्का कुठून आणला त्यानं?

कंपनीत भाग मिळणार असं तो दोस्त सांगत असेल, तर त्याहून अवघड. सेबीनं 2014 मध्ये त्यावर चर्चेचा मसुदा काढला होता, पण आम जनतेसाठी ती वाट काही उघडली नाही. उलट 2016 मध्ये असल्या मंचांपासून सावध राहा म्हणून सांगितलं. खाजगीत शेअर द्यायचे तर वर्षात साधारण 200 जणांपर्यंतच. त्याच्या व्हॉट्सॲप गटात किती माणसं आहेत, मोजून बघ.

ओट्याचंही फार कौतुक नको म्हणा. दामदुप्पट योजनेत माझे पैसे बुडाले तेव्हा एजंट आपल्याच नात्यातला होता. म्हसाच्या यात्रेत घोंगड्या बघताना समोर आला आणि मान खाली घालून वळला. त्याचेही बुडाले होते. दोघांच्या हातात एकच पावती, आणि ती धड कुणी वाचलेली नव्हती.

रविवारी ये. त्या ॲपवाल्याचं रिझर्व्ह बँकेच्या यादीतलं नाव आणि करार कागदावर काढून आण. चष्मा नवा केलाय, बारीक अक्षर आता नीट दिसतं.

तुझी आत्या