बाख, दोन व्हायोलिने आणि एक गिटार

ख्यालावर पोसलेल्या आमच्या कानांना बंदिशीचा विस्तार नवा नाही. तरीही १९३७ साली पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेले एक वादन आम्हांला अद्याप स्वस्थ बसू देत नाही. बाखच्या डी मायनरमधील दोन व्हायोलिनांसाठीच्या कॉन्चेर्टोचा हा पहिला भाग. व्हायोलिनवर एडी साउथ व स्तेफान ग्रापेली; अवघ्या वाद्यवृंदाच्या जागी जँगो राइनहार्टची एकटी गिटार. एका मुद्रणात बाखची संहिता बहुतांशी शाबूत आहे, फक्त लय झुलते. दुसऱ्यात हे तिघे संहितेचा काठ सोडतात.

रसिक सहसा जँगोच्या चमत्काराकडे वळतात. (डाव्या हाताची दोन बोटे आगीत निकामी झालेली, स्वरलिपी वाचता येत नाही, चमत्कार आहेच.) आम्ही मात्र पुन्हा पुन्हा साउथकडे जातो. अभिजात व्हायोलिनचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या कृष्णवर्णीय वादकाला तत्कालीन अमेरिकेतील सिम्फनी वाद्यवृंदांची दारे बंद होती. म्हणून तो जॅझमध्ये आला. बाख त्याने उसना आणलेला नव्हता. अशा वादनाला समीक्षक ‘मिश्रण’ म्हणतात, तेव्हा आमचे त्यांच्याशी जमत नाही. मिश्रणाला दोन परक्या वस्तू लागतात. साउथच्या गजाखाली त्या कोणत्या, हे आम्हांला अजून ऐकू आलेले नाही.