टेबलावरची टकटक

खोताच्या वाडीत एका जिन्याच्या पायरीवर पाकीट पडले होते. त्यावरचे आडनाव: डि\'सोझा. त्या उलट्या तिरप्या रेघेपाशी मी थांबलोच.

अपॉस्ट्रॉफी दिसली की मजकूर संपला, असे प्रोग्रॅमला वाटू शकते. मग 'सोझा'ला तो आज्ञा समजतो. म्हणून आधी ती रेघ घालायची. वाचताना प्रोग्रॅम रेघ गिळतो, पुढचे चिन्ह जसेच्या तसे घेतो आणि पुन्हा नेहमीसारखा वाचू लागतो. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा रेघा आपोआप पडत. २०१२ साली, ५.४ आवृत्तीत, ती सोय काढली हे उत्तम झाले. रेघ कोणी घालायची, कोणी काढायची हे ठरले नाही की ती नावाला चिकटून थेट दारापर्यंत येते. त्याहून वाईट अपॉस्ट्रॉफीच नाकारणारे अर्ज. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आडनाव का मोडावे?

अशी खूण मी पूर्वी कानांनी ऐकली होती. ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात माझे मामा मूळप्रत मोठ्याने वाचत आणि समोर मुद्रितशोधक प्रुफावर पेन्सिल धरून बसत. मामा विरामचिन्हेही उच्चारत: 'तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू'. रामरक्षा म्हणावी तसे, एका लयीत. मे महिन्यात मी तिथेच असे, खिळ्यांच्या केसजवळ, शाई-रॉकेलच्या वासात. एकदा शाळेचे व्याकरण छपाईला आले. मेजर कँडींनी १८५० साली ज्यांची परिभाषा मराठीत मांडली, त्या विरामचिन्हांचेच प्रकरण. आता 'स्वल्पविराम' ऐकून शोधकांनी चिन्ह शोधायचे की शब्द? दोघे अडले. पुन्हा मागे गेले, पुन्हा अडले. मग मामांनी बोटाच्या पेराने टेबलावर टक् केले आणि म्हणाले, 'स्वल्पविराम'. शोधकांनी मान हलवली: टक् ऐकले की पुढे शब्द, चिन्ह नव्हे. काही ठरवावे लागले नाही. त्या दुपारी टकटक चालूच राहिली.

बॉब बीमर यांनी १९६१ साली ती तिरपी रेघ संगणकाच्या अक्षरसंचात आणली, अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेतली 'आणि', 'किंवा'ची चिन्हे जुळवण्यासाठी. पुढे सी भाषेने तिला मामांच्या टकटकीचे काम दिले. पण रेघच मजकुरात आली तर ती दोनदा लिहावी लागते, कारण खूण आणि मजकूर एकाच रांगेतून येतात. मामांना ही अडचण नव्हती. गोष्टीत कोणी दार ठोठावले तर 'टक् टक्' ते तोंडाने म्हणत. खूण लाकडातून येई.

डेटाबेसशी बोलताना आता आज्ञा वेगळी आणि माणसाने भरलेला मजकूर वेगळा पाठवता येतो. मला हीच रीत पसंत आहे. तिच्यात नावाला हातच लावावा लागत नाही.