दादाची नोकरी

दादाला नोकरी लागली त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा मात्र गप्पच होते. दादा 26 वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. "आमच्यामागे याचे कसे होणार?" हा प्रश्न आमच्याकडे रोज पंगतीला असतो.

त्याआधी एका कचेरीत तो मुलाखतीला गेला होता. साहेब म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." दादाने जन्मतारीख, रक्तगट आणि पत्ता सांगितला. उत्तरात चूक काय होती? पण तो नजरेला नजर देत नाही, एवढ्यावर पाच मिनिटांत परत आला.

गावच्या वाचनालयातल्या बाईंनी मुलाखत घेतलीच नाही. पुस्तकांची एक रांग दाखवून म्हणाल्या, "दाखल क्रमांकाप्रमाणे लावशील का?" दीड तासात न सांगता दुसरीही रांग लागली. महिन्याभरात, हरवली म्हणून नोंदलेली सात पुस्तके सापडली.

सारे सोपे नव्हते. पंखा घरघरला की तो कानांवर हात घेई. "जरा तिकडचे बघ" म्हटले की तिकडे नुसता बघत उभा राही! मग बाईंनी त्याला शांत कोपरा दिला आणि कामे कार्डावर क्रमाने लिहून देऊ लागल्या. आता शिपाईकाकाही कार्ड मागतात. म्हणतात, "बाईंना नक्की काय हवे, ते आत्ता कुठे कळायला लागले!"

डेन्मार्कमध्ये थोरकिल सोने या गृहस्थांनी, स्वतःचा मुलगा स्वमग्न म्हणून, 2004 साली अशा लोकांना संगणकक्षेत्रात काम देणारी संस्था काढली. आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 2016 च्या कायद्याने ते आले, आणि सरकारी नोकऱ्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांसाठी मिळून 1 टक्का जागा राखल्या गेल्या. पण कायदा दार उघडतो. आत बसायला जागा माणसांनीच करून द्यायची असते.

प्रत्येक स्वमग्न माणूस विलक्षण बुद्धीचा असतो, असे मुळीच नाही. दादाही नाही. पण विलक्षण असल्याखेरीज काम मिळू नये, ही अट आपण इतरांना कुठे घालतो?

पहिल्या पगाराच्या नोटा दादाने क्रमांकाप्रमाणे लावून बाबांच्या हातात दिल्या. बाबांनी त्या कपाटात ठेवल्या आहेत. तो क्रम त्यांनी अजून मोडलेला नाही.