अंगणातला डॅफोडिल

डॅफोडिल हे फूल आमच्या पिढीला आधी पाठ झाले आणि दिसले फार उशिरा. वर्डस्वर्थची १८०७ साली छापली गेलेली ती कविता मराठवाड्यातल्या कित्येक वर्गांतून घोकली गेली. फळ्यावर फूल काढायला सांगितले असते तर बहुतेकांनी सूर्यफूलच काढले असते. निजामी राजवटीत, १९४८ पूर्वी, उर्दूतून शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना याच कुळातली नर्गिस शायरीत डोळा होऊन भेटे. तीही कागदावरच. आम्ही उभयता शिक्षक. कविता दोघांनीही शिकवली, फूल दोघांनीही पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर वसमतच्या अंगणात ते लावायचे ठरले.

या कंदाला खतपाण्याहून थंडीची गरज अधिक. कळी त्याच्या पोटात उन्हाळ्यातच तयार होते. पण दांडा नीट वर यायचा तर बारा ते सोळा आठवडे साधारण नऊ अंशांखाली काढावे लागतात. आमच्याकडचा पौष रात्री कुडकुडवतो आणि दुपारी घाम काढतो. तेव्हा इंग्लंडचा हिवाळा फ्रीजच्या तळच्या कप्प्यात मांडला. तेवढे महिने त्यात सफरचंद ठेवू दिले नाही, कारण पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. पिशवीवर तांबड्या शाईने ‘विष’ असे लिहिले. हे कंद दिसायला थेट कांद्यासारखे (कांदा त्यांचा भाऊबंदच) आणि पोटात गेले तर वांत्यांनी हैराण करणारे.

जानेवारीअखेर बारांपैकी पाच उमलले. फूल कल्पनेपेक्षा लहान, मान किंचित तुकवलेले. सहा पाकळ्यांच्या मधोमध पिवळा कर्णा. थंड हवेत दोन आठवडे टिकणारे ते फूल इथे चौथ्या दिवशी मलूल झाले.

वसमत हे हळदीचे गाव. जूनमध्ये बेणे लावावे, नऊ महिन्यांनी गड्डा उपसावा, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे शेजारच्या काकूंनी फुलाकडे क्षणभर पाहून नेमके विचारले, “एकाचे किती होतात हो?” खरे उत्तर असे, की फुलानंतर पानांना कित्येक आठवडे सौम्य ऊन मिळाले तरच कंद पुढच्या वर्षाची कळी धरतो. आमची पाने फाल्गुनातच करपली. कंद उकरले तेव्हा लसणाच्या पाकळीएवढे उरले होते.

यंदा पुन्हा बारा मागवले आहेत. भाजी कुठे ठेवायची, यावर घरात अद्याप एकमत नाही.