चाँदबीबीचे चित्र आणि चाँदबीबीचा महाल

शाळेच्या प्रकल्पासाठी लेकीला चाँदबीबीचे चित्र हवे होते. आम्ही एक छापून दिले. घोड्यावर बसलेली राणी, हातावर ससाणा, सोबत पायी चालणारे सेवक. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते सुमारे १७०० सालचे, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेले. चित्रकाराने तिला कधी पाहिलेच नव्हते.

तेच चित्र घेऊन सुट्टीत आम्ही अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला गेलो. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याकडच्या डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दुरूनच दिसते. सगळे तिला 'चाँदबीबीचा महाल' म्हणतात. पण तळघरात कबरी आहेत. हा महाल नव्हे, तर निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याचा मकबरा.

लेक हिरमुसली. "मग अब्बा, तिचं असं खरं काय उरलंय?"

आम्ही तिला शहरातल्या भुईकोट किल्ल्याकडे घेऊन गेलो. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली होती. वैधव्यानंतर तिने आधी विजापूरचा कारभार पाहिला, मग माहेरचा सांभाळला. १५९५च्या अखेरीस अकबराचा शहजादा मुराद वेढा घालून बसला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चेहऱ्यावर पडदा आणि हातात तलवार घेऊन ती खिंडारापाशी उभी राहिली. रातोरात भिंत बांधून घेतली. तहात वऱ्हाड गेले, पण नगर वाचले.

१६०० साली मोगल पुन्हा आले. दरबारात फूट पडली होती. किल्ला आता टिकणार नाही हे ओळखून, बालसुलतान आणि आपली माणसे वाचावीत म्हणून ती तहाचा विचार करू लागली. हमीदखानाने आवई उठवली, 'राणी शत्रूला फितूर झाली!' कोणी खातरजमा केली नाही. तिच्याच माणसांनी महालात घुसून तिला ठार केले. थोड्याच काळात किल्लाही पडला.

लेकीने चित्राखाली 'शूर राणी' असे लिहिले होते. खंदकाच्या काठावर बसून तिने खाली एक ओळ वाढवली, 'शत्रूने नाही, अफवेने मारली.'

परतीच्या एस.टी.त मोबाइलवर कुणाची तरी बदनामी करणारा निरोप आला. आम्ही तो पुढे पाठवला नाही. लेकीने पाहिले, काही बोलली नाही.